भोकं पडलेली वही

बेंजामिन फ्रँकलिनने पंचविशीच्या आसपास एक छोटी वही केली. प्रत्येक पानावर तांबड्या शाईने सात उभे रकाने आखले, आठवड्याच्या सात वारांचे. त्यांना छेदणाऱ्या तेरा आडव्या ओळी, तेरा गुणांच्या: मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग आणि असेच पुढे. रात्री दिवस आठवायचा आणि जिथे चुकलं त्या चौकोनात काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात लक्ष फक्त एका गुणाकडे. उरलेल्या बारांसाठी वेगळी धडपड करायची नाही, त्यांचे ठिपके मात्र द्यायचे. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होते, वर्षात चार. फेरी संपली की जुने ठिपके खरवडून नव्यांसाठी जागा करायची. असं खरवडता खरवडता वहीच्या कागदाला भोकं पडली.

मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याचा हा मुलगा, सतरा भावंडांतला पंधरावा. शाळा जेमतेम दोन वर्षं. सतराव्या वर्षी घर सोडून पळाला. पुढे तो मुद्रक झाला, विजेवर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ झाला, फ्रान्सच्या दरबारात अमेरिका या आपल्या नव्या देशाचा प्रतिनिधी झाला. त्याच्या यशाची कारणं सांगताना लोक त्याची बुद्धी सांगतात, कष्ट सांगतात. मला त्या भोकांचं मोल जास्त वाटतं. महत्त्वाकांक्षेबद्दल आपण आग, भूक, तहान असल्या शब्दांत बोलतो. पण आग पुष्कळांच्या पोटात असते. आपण कुठे चुकतो ते रोज दिसेल अशी सोय फार थोडे लोक करून ठेवतात.

आधी शब्दच थोडा सोडवून घेऊ. ‘मोठं व्हायचंय’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या इच्छा एकत्र राहतात. एखादं काम उत्तम करता यावं ही एक. लोकांनी आपल्याला मानावं ही दुसरी. चार गोष्टी आपल्या म्हणण्यानुसार व्हाव्यात ही तिसरी. तिन्ही रास्त आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत, आणि चुकीच्या रस्त्यावर दहा वर्षं गेलेली माणसं पुष्कळ दिसतात. पारखायला दोन प्रश्न पुरतात. तुम्हाला हवं ते काम अगदी हवं तसं झालं, पण नाव दुसऱ्याचं लागलं, तर झोप लागेल का? आणि पद मिळालं, दारावर पाटी लागली, पण निर्णय भलताच कोणी घेत असेल, तर चालेल का? पहिल्याला ‘हो’ आलं तर कामाची ओढ खरी. दुसऱ्याला ‘हो’ आलं तर मानाची. दोन्हींना ठाम ‘नाही’ आलं तर तुम्हाला सत्ता हवी आहे, आणि ते स्वतःशी कबूल केलेलं बरं. सत्तेची इच्छा सेवेच्या नावाखाली झाकली की तिच्यावर कोणाचीच नजर राहत नाही, आपलीही नाही.

आता वही. ती करून पाहणारे बहुतेक जण तीन ठिकाणी अडतात. पहिलं, सगळे गुण एकाच आठवड्यात साधायला जातात. फ्रँकलिनने वाफ्याची उपमा दिली आहे: बाग निंदणारा सगळं तण एकदम उपटत नाही, एक वाफा साफ करून दुसऱ्याकडे वळतो. दुसरं, ओळी मोघम लिहितात. ‘आत्मविश्वास वाढवणे’ या ओळीपुढे रात्री काय मांडणार? ओळ अशी हवी की झोपेने डोळे मिटत असतानाही हो किंवा नाही सांगता यावं: ‘आज कोणाचं वाक्य मध्येच तोडलं का?’, ‘पाठवतो म्हटलेलं पाठवलं का?’, ‘माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोललो का?’ तिसरं, आणि हे फार नुकसान करतं, लोक यशाच्या खुणा करतात. जमलेल्या दिवसांना बरोबरची खूण दिली की पान साजरं दिसतं आणि मन ते पान पाहण्यातच तृप्त होतं. फ्रँकलिनने चुकीला ठिपका दिला, म्हणून कोरं पान हे बक्षीस ठरलं.

त्याच्या यादीत आधी बाराच गुण होते. तेरावा, नम्रता, नंतर आला. एका क्वेकर, म्हणजे साधेपणावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, मित्राने त्याला प्रेमाने सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, वादात तू उद्धट होतोस, आणि उदाहरणंही दिली. वहीतली सर्वांत अवघड ओळ बाहेरच्या माणसाने सुचवली, कारण आतून ती दिसणारच नव्हती. या नोंदीकडे आपण पुन्हा येऊ.

लिहिणं सुधारण्याची त्याची रीत याच जातीची आहे. किशोरवयात त्याने एका नियतकालिकातले आवडलेले लेख घेतले. प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपला. टिपणं काही दिवस बाजूला ठेवली. मग मूळ न पाहता, त्या टिपणांवरून सगळा लेख आपल्या शब्दांत पुन्हा लिहिला, मुळाशी ताडून पाहिला आणि चुका दुरुस्त केल्या. शब्दांचा साठा अपुरा आहे हे कळलं, तेव्हा काही मजकूर पद्यात घातला आणि पद्य विसरल्यावर परत गद्यात आणला. मांडणी शिकण्यासाठी टिपणांच्या चिठ्ठ्या मुद्दाम विस्कटल्या आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावला. यातला कळीचा भाग म्हणजे मधले काही दिवस. लगेच लिहिलं तर आठवणच लिहिते आणि ताडून पाहण्यासारखं काही उरत नाही. विसर पडायला वेळ दिला तरच आपलं आणि मुळातलं अंतर उघडं पडतं. भाषण, निवेदन, हिशेबाचा अहवाल, वाटाघाटी, ज्यात उत्तम नमुना हाताशी आहे अशा कुठल्याही कौशल्याला ही रीत लागू पडते.

महत्त्वाकांक्षी माणूस वेळेचा अंदाज हमखास चुकवतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. सगळं काही बिघडलं तर किती, यावर उत्तर आलं सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सुमारे 55. आपला वाईटात वाईट अंदाजसुद्धा वास्तवापेक्षा गोड निघतो, कारण अंदाज बांधताना आपण पुढचं काम डोळ्यांपुढे आणतो, मागच्या कामांचे दिवस मोजत नाही. म्हणून पाच वर्षांचा बेत आखताना आधी मागची तीन कामं घ्यावीत, ती ठरवल्यापेक्षा किती पट लांबली ते काढावं आणि नव्या बेताला त्या पटीने ताणावं. बेत लहान दिसू लागतो, मन खट्टू होतं. तरीही तोच बेत टिकतो.

आणि मध्ये खंड पडणारच, हे धरून चालावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, 1916 साली लंडनला आले, आणि 1917 साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. दार ओढून घेतलं, कडी लावली नाही. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, 1920 साली लंडनला परत गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. मिळवली. त्यांची जिद्द सर्वांना माहीत आहे. त्या परवानगीबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. एखादी गोष्ट सोडून द्यावी लागत असेल तर त्याच आठवड्यात तीन कामं करावीत: परत येण्याची मुदत लेखी घ्यावी, कुठवर आलो आणि पुढचं पहिलं पाऊल कोणतं हे एका पानावर उतरवावं, आणि परतीच्या खर्चाचा आकडा काढून तो वेगळा साठवायला लागावं. ‘पुढे बघू’ म्हणून सोडलेल्या गोष्टीकडे माणूस वळत नाही. त्याचं कारण आळस क्वचितच असतं. परतायचं कुठून हेच तो विसरलेला असतो.

स्वतःला नव्याने घडवणं म्हटलं की पोशाख, आवाज, नाव आणि पूर्वायुष्य या चार गोष्टी येतात. पोशाखाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ज्या खोलीत जायचंय तिथली माणसं काय घालतात ते पाहावं, अंगाला नीट बसणारं घ्यावं आणि विसरून जावं.

आवाज अधिक रोचक आहे. पुढे ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर 1975 साली हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या तेव्हा त्यांचा आवाज कर्कश वाटतो अशी टीका होत असे. सल्लागारांच्या मदतीने त्यांनी नॅशनल थिएटरमधल्या प्रशिक्षिकेकडे धडे घेतले. त्यांत तोंड मिटून गुणगुणण्याचे व्यायाम होते. आवाज खाली आला, बोलण्याची गती कमी झाली. इथे लोक चुकतात ते असं: खालचा स्वर काढायला ते गळा आवळतात. आवाज घोगरा होतो आणि तासाभरात घसा दुखू लागतो. स्वर श्वासातून खाली यायला हवा. छातीवर तळवा ठेवून गुणगुणावं, तळव्याला कंप जाणवला तर जागा बरोबर आहे. मग एक मिनिटाचं वाचन ध्वनिमुद्रित करावं आणि ते दुसऱ्या दिवशी ऐकावं, त्याच दिवशी नाही. मराठी बोलणाऱ्याने एका गोष्टीकडे खास कान द्यावा. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि श्वासही तिथेच संपतो. त्यामुळे ‘होईल’ की ‘होणार नाही’ नेमकं तेच विरून जातं, आणि ऐकणाऱ्याला माणूस डळमळीत वाटतो. उपाय साधा आहे: वाक्य आखूड करावं, किंवा शेवटच्या तीन शब्दांआधी श्वास घ्यावा.

नाव बदलण्यात गैर काही नाही. ब्रिस्टलमध्ये 1904 साली जन्मलेला आर्चिबाल्ड लीच पडद्यावर कॅरी ग्रँट झाला. कोर्सिकाच्या नेपोलियनने 1796 साली आपल्या आडनावातला इटालियन वळणाचा ‘यू’ काढून ते फ्रेंच केलं. नवं नाव हे उघड उघड नवं असतं, ते कोणाला फसवत नाही.

पूर्वायुष्याचं तसं नाही. फ्रेंच फॅशनकार कोको शनेलची आई गेली तेव्हा तिच्या वडिलांनी मुलींना ओबाझीन गावच्या अनाथाश्रमात ठेवलं. मोठेपणी शनेल सांगत असे की तिला नात्यातल्या बायकांनी वाढवलं. अनाथाश्रमाचा उल्लेख ती टाळायची, आणि चरित्र लिहायला बसलेल्या लोकांपुढे तिच्या हकिकती बदलत राहायच्या. त्या मुलीने ते का लपवलं हे समजणं कठीण नाही. त्या काळात, त्या समाजात, अनाथ मुलीला कुठवर जाऊ देत होते? तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण या व्यवहाराचा खर्च पाहायला हवा. एखादी गोष्ट न सांगणं फुकट असतं. एखादी गोष्ट बनवून सांगणं म्हणजे कायमचा हप्ता: कोणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं, ज्यांना खरं माहीत आहे त्यांना दूर ठेवायचं, आणि ते दोन गट एकमेकांना भेटणार नाहीत याची काळजी घ्यायची. सर्वांत मोठी किंमत पुढे मोजावी लागते. ज्यांनी आपल्याला लहानपणापासून पाहिलं तीच माणसं तोंडावर खरं बोलू शकतात, आणि नेमकी तीच दूर सारावी लागतात. वहीतली तेरावी ओळ सुचवायला मग कोणी उरत नाही. म्हणून नियम एवढाच धरावा: पूर्वायुष्यातून गाळावं, त्यात भर घालू नये. मिळवलेल्या पदवीत, केलेल्या नोकरीत, सांभाळलेल्या रकमेत एक अंकही वाढवू नये. त्यातली फुगवलेली एक ओळ उघडी पडली की खऱ्या नऊ ओळीही खोट्या ठरतात.

माणसांकडे येऊ. डिसेंबर 1931 मध्ये लिंडन जॉन्सन, जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, एका खासदाराचा सचिव म्हणून वॉशिंग्टनला आला आणि डॉज हॉटेलात उतरला. तिथे त्याच्यासारखे बरेच सचिव राहायचे आणि न्हाणीघर सामाईक होतं. सांगतात की पहिल्या रात्री त्याने चार वेळा अंघोळ केली आणि सकाळी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने पाच वेळा दात घासले. या न्हाणीघरात कोण कोण येतं, कोणाला काय माहीत आहे, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. 1933 मध्ये तो या सचिवांच्या संघटनेचा अध्यक्ष निवडून आला. ओळखी वाढवणं म्हणजे मोठ्या माणसाच्या मागे लागणं असा समज आहे. जॉन्सन आपल्याच पायरीवरच्या माणसांकडे गेला. रोजचं काम कसं चालतं हे तेच सांगू शकत होते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली मांडलेला निष्कर्ष याला धरून आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त 16.7 टक्के लोकांनी सांगितलं की खबर देणाऱ्याशी आपली वारंवार गाठ पडायची. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून मिळाली होती. जवळच्या मित्रांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो. या ओळखी टिकवायला फार काही लागत नाही: महिन्याला चार माणसं, प्रत्येकाला दोन ओळी, आणि त्यांत मागणं काही नाही. त्याच्या कामाची एखादी बातमी, मागे त्याने दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं, एवढं पुरे. ते शेवटचं फार कमी लोक कळवतात, आणि सल्ला देणाऱ्याला सर्वांत आवडतं तेच.

सत्तेचे पाच आधार जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी 1959 साली मांडले: देण्याची ताकद, शिक्षेची ताकद, पदाचा अधिकार, ज्ञान, आणि लोकांना वाटणारी ओढ. पद नसलेल्याच्या हातात सुरुवातीला शेवटचे दोनच असतात. तिथून पुढचा रस्ता बहुधा कंटाळवाण्या कामांतून जातो. बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितं, विषयपत्रिका कोण ठरवतं, नेमणुकांची यादी कोणाच्या टेबलावरून जाते, तारखा कोणाच्या वहीत असतात, या प्रश्नांची उत्तरं काढली तर कुठल्याही संस्थेतली खरी सत्ता दिसते. एप्रिल 1922 मध्ये स्टालिन रशियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला, तेव्हा सहकाऱ्यांच्या लेखी ते कारकुनी पद होतं. कोणाला कुठे नेमायचं याच्या याद्या त्या कचेरीतून निघत. त्याच वर्षाच्या शेवटी लेनिनने लिहवून ठेवलं की याच्या हाती अफाट सत्ता एकवटली आहे. 1929 मध्ये त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्की देशाबाहेर घालवला गेला.

या माणसाच्या हातून जे घडलं ते माहीत असताना त्याचं उदाहरण घेताना हात आखडतो. पण ते पुढच्या भागासाठी घ्यावंच लागतं. जानेवारी 1937 मध्ये सोव्हिएत संघात जनगणना झाली. आकडा आला सुमारे 16 कोटी 20 लाख. राज्यकर्त्यांनी आधीच जाहीर करून टाकलेल्या आकड्यांपेक्षा तो बराच कमी होता, आणि 1932-33च्या दुष्काळातले मृत्यू त्यात डोकावत होते. निकाल दाबला गेला. जनगणनेच्या प्रमुख अधिकाऱ्यांना अटक झाली, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. 1939 मध्ये नवी जनगणना झाली आणि तिचे आकडे मनासारखे आले. ठिपका खरवडला, आणि ठिपका देणारा हातही कापून टाकला.

ही टोकाची गोष्ट आहे, पण तिची लहान रूपं प्रत्येक कचेरीत, प्रत्येक घरात घडतात. वर चढण्यासाठी लागणारे गुण, म्हणजे समोरच्याचं ऐकणं, चेहरे वाचणं, चूक कबूल करणं, वर पोचल्यावर गंजतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ‘ई’ अक्षर काढायला सांगितलं. ज्यांना त्याआधी आपण दुसऱ्यावर सत्ता गाजवल्याचा एखादा प्रसंग आठवायला लावला होता, त्यांनी ते आपल्या बाजूने सरळ, म्हणजे समोरच्याला उलटं दिसेल असं काढण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट होतं. नुसती आठवण एवढं करते, तर रोजची खुर्ची किती करत असेल.

भोवती होयबा जमतात याचा दोष आपण होयबांना देतो. ते जमतात कारण पहिल्या ‘नाही’ला काय उत्तर मिळालं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून हाती अधिकार आल्यावर पहिल्या महिन्यातच काही गोष्टी बसवाव्यात, नंतर बसत नाहीत. बैठकीत आपण शेवटी बोलावं. मोठ्या निर्णयाआधी मतं लेखी मागवावीत, आपलं मत कोणालाही कळण्यापूर्वी. ‘माझं काही चुकतंय का?’ असं विचारू नये, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘या आराखड्यातलं कुठलं एक पान तुम्ही काढून टाकाल?’ असं विचारावं. वाईट बातमी पहिल्यांदा आणणाऱ्याचे चारचौघांत आभार मानावेत. आणि महिनाअखेरीला मोजावं: किती वाईट बातम्या आपल्या माणसांकडून कळल्या आणि किती बाहेरून आल्या. बाहेरून आलेल्या जास्त झाल्या की समजावं, आत बोलणं थांबलं आहे. कुठूनच एकही आली नाही तर त्याहून जास्त घाबरावं. शिवाय एक माणूस असा राखावा ज्याला आपल्याकडून काही मिळवायचं नाही आणि आपल्यामुळे ज्याचं काही जाणार नाही. त्याच्यासाठी वेळ मुद्दाम ठरवून घ्यावी, कारण कामाच्या रगाड्यात सर्वांत आधी भेट रद्द होते ती त्याचीच.

फ्रँकलिनच्या तेरा ओळींपैकी व्यवस्थितपणा त्याला अखेरपर्यंत जमला नाही, हे त्याने म्हातारपणी लिहून ठेवलं. नम्रतेबद्दलही त्याने कबूल केलं की ती खरीखुरी फारशी अंगी आली नाही, वरवर दिसण्यापुरती बरीच आली. नव्या वह्या करण्याचा त्रास वाचावा म्हणून त्याने ते सगळे तक्ते एका टिपणवहीच्या हस्तिदंती पानांवर उतरवले होते. तांबड्या शाईच्या रेघा पक्क्या आणि ठिपके शिसपेन्सिलीचे, ओल्या स्पंजने पुसता येतील असे. पुढे फेऱ्या वर्षाला एक झाल्या, मग काही वर्षांतून एक, आणि समुद्रप्रवास आणि परदेशातली कामं वाढल्यावर ठिपके देणं पार थांबलं. ती छोटी वही मात्र तो जिथे जाईल तिथे बरोबर नेत असे.